वीतभर बर्फ

३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल सकाळी मी काय केलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. एरवी या वहीत थंडीचा आकडा आणि किती पिंपं पाणी लागलं एवढंच असतं. आज वेगळं लिहायचं आहे.

पहाटे पाचला उठलो. उणे चोवीस. परवा रेडिओवर सांगितलं होतं, रात्रीतून फ्योन वारा येणार. बर्फावरून घसरणाऱ्या गाड्यांसाठी आम्ही बांधतो त्या वाटेत माझ्या वळणाचा शेवट दक्षिणेला आहे, तो गरम वारा आला की आधी तिथलाच बर्फ चाटून नेतो. म्हणून सासऱ्यांनी शिकवल्याप्रमाणे परवा संध्याकाळी गाड्या थांबल्यावर मी बर्फाच्या भिंतीचा शेवट वीतभर पुढं ओढून ठेवला. वितळला की बरोबर मापात येतो. वारा आलाच नाही. काल पहाटे हातमोजा काढून तळहात लावला तर भिंत दगडासारखी. वीतभर जास्तीची, आणि दगडासारखी.

तासायला दीड तास लागला असता. सात वाजता मेणबत्त्यांच्या सणाची मिस्सा होती. दोन फेब्रुवारीची मिस्सा मी कळायला लागल्यापासून चुकवलेली नाही. नऊपर्यंत ऊन येईल, तेच काम करील, असं मनाशी म्हटलं. शेडमधल्या फळ्यावर माझ्या वळणासमोर खडूनं 'तयार' लिहिलं आणि चर्चला गेलो.

परत आलो तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. ऊन होतं, पण नुसतं दिसायला. वीत जिथल्या तिथं. साडेनऊला पहिली गाडी सुटायची होती, पाहुण्यांची. लाल निशाण माझ्याशेजारीच बर्फात रोवलेलं होतं. ते उचललं असतं तर गाडी थांबली असती, पण वरपासून खालपर्यंत भोंग्यावर ऐकू गेलं असतं, 'व्हिगिलच्या वळणावर काम अपुरं.' सोळा हिवाळ्यांत ते कुणी ऐकलेलं नाही. दोऱ्या ओढून गाडी वळवणारा याखेन आहे, तो सांभाळून घेईल, असं वाटलं. नाही उचललं.

गाडी भिंतीवर चढली, पण ज्या जागी सोडायला हवी तिथं भिंतीनं सोडली नाही. आणखी वर गेली आणि कुशीवर पडली. पुढं याखेन, मध्ये हॉलंडहून सुट्टीला आलेल्या दोघी बहिणी, मागं ब्रेकवाला. तिघांना खरचटलं. थोरल्या बहिणीचं हासळीचं हाड मोडलं.

याखेनच्या हनुवटीतून रक्त येत होतं. उठून पहिलं वाक्य तो बोलला ते हे: "माझी चूक. दोरी उशिरा सोडली." बोलताना तो माझ्याकडे बघत होता.

सगळे गाडीभोवती होते तेव्हा मी वाकस घेतला आणि ती वीत तासून टाकली. बघणाऱ्याला वाटलं असेल, दुरुस्ती चालली आहे. मलाही तसंच वाटत होतं.

५ फेब्रुवारी, रविवार

याखेनला पाहुण्यांची गाडी चालवायला मनाई झाली आहे. मंगळवारी, चौदा तारखेला समिती बसेल. दोरी उशिरा सोडली हे तो स्वतःच म्हणतो आहे, त्यामुळं कायमचं बंद करतील असं सगळे म्हणतात. त्याचं वय अठ्ठावन्न. चोवीस हिवाळे त्यानं लोकांना खाली नेलं. बायको गेल्यापासून त्याच्या घरात दुसरं काही नाही.

मिस्सेनंतर त्याच्याकडे गेलो. तो स्वयंपाकघरात बार्लीचं सूप ढवळत होता. हनुवटीला तीन टाके.

"या पाद्रीबुवा," म्हणाला. "शेवटचा अभिषेक करायला आलात का?"

"दुखतंय का?"

"हसलो की दुखतं. म्हणून तू आलास ते बरं झालं."

मी बसलो. त्यानं वाडगा ठेवला. मी विचारलं, "याखेन, खरंच दोरी उशिरा सोडलीस?"

"मग काय गाडी स्वतः पडली?"

"भिंतीत काही..."

"भिंत बरी होती," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला. "सूप गार होतंय."

मला हलकं वाटलं, हे लिहिलंच पाहिजे. चोवीस वर्षांचा चालक म्हणतो भिंत बरी होती. मग वीतभरानं काय होणार? मी घरी येताना शीळ घालत होतो. पुलापर्यंत. पुलावर थांबली.

६ फेब्रुवारी

उणे एकोणीस. दोन पिंपं. दोनदा बादली सांडली. झेनो म्हणाला, "काय रे, हातात लोणी आहे काय?" झेनो आमचा मुकादम, आमच्याच गावचा. सफरचंदं उतरली की आम्ही चौदा जण त्याच्यामागं डोंगर ओलांडून इथं प्लाउनला येतो.

जेवताना तो सहज म्हणाला, "त्या दिवशी सकाळी याखेन वाट पायी बघून येत होता ना, तुझ्या वळणावर बराच वेळ उभा होता. हातमोजा काढून, भिंतीला तळहात लावून. मग मला विचारतो, व्हिगिल कुठाय? मी म्हटलं, कुठं असणार, चर्चमध्ये. हसला आणि वर गेला."

तशा थंडीतसुद्धा माझी आठवण काढतो. माणूस असा आहे.

८ फेब्रुवारी

त्या हॉलंडच्या बाईंना भेटून आलो. का गेलो सांगता येत नाही. तीन दिवस जेवताना, पाणी टाकताना पाय आपोआप खालच्या गावाकडे वळत होते. गावाकडची चार सफरचंदं पिशवीत घातली.

त्या खानावळीत खिडकीशी बसल्या होत्या. हात गळ्यात. नाव फेम्के. कालव्यावरचा उचलायचा पूल चालवतात. बोट आली की पूल वर, गेली की खाली. मोठं चाक हातानं फिरवावं लागतं. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत नाही.

"तुम्ही वाटेवर काम करता?" त्यांनी विचारलं.

"पाणी टाकतो."

"म्हणजे ते सगळं हातानं?"

"हातानंच."

त्यांनी सफरचंद डाव्या हातात घेतलं, चावलं नाही. म्हणाल्या, "त्या चालकाला सांगाल का काही? मला सांगायला लाज वाटते. वर आम्हाला तीनदा बजावलं होतं, मान आत, खांदे वर, हलायचं नाही. मी मान वर काढली."

"कधी?"

"आठवतं ते एवढंच, समोर निळं आभाळ आणि डोंगराचं टोक. म्हणजे मी मान वर काढली असणार. डोंगर बघायचा होता मला. आमच्याकडे डोंगर नाही." मग म्हणाल्या, "माझ्यामुळं त्यांचं काम जाणार म्हणे."

धाकटी बहीण आतून ओरडली, "फेम्के, पुन्हा तेच? तू बटाट्याचं पोतं असल्यासारखी बसली होतीस, मी मागंच होते!"

"तुला काय दिसलं? तुझे डोळे मिटलेले."

"मिटलेले होते, पण दोन्ही मिटले नव्हते."

मी हसलो नाही. मी म्हणालो, "सांगतो त्यांना." आणि उठलो. दारात आल्यावर मनात आलं, बाईंनीच मान वर काढली होती तर. दुसऱ्यांदा हलकं वाटलं. या वेळी शीळ घालायचं धाडस झालं नाही.

९ फेब्रुवारी

बायकोचा, बुर्गाचा फोन. गावात उंदरांनी तीन कलमांच्या साली खाल्ल्या. कुंपणाबद्दल बोलत होती. मी मध्येच सगळं सांगून टाकलं. वीत, मिस्सा, फळा, निशाण. पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडलं.

ती म्हणाली, "वीतभरानं गाडी पडते?"

"तेच कळत नाही. याखेन म्हणतो दोरी उशिरा सोडली. बाई म्हणतात मान वर काढली. कदाचित वीतभर म्हणजे काहीच नाही."

"तू त्यात कधी बसलायस?"

"तुला माहीत आहे, आमच्यात बसत नाहीत."

"माहीत आहे. पाणी टाकणारा गाडीत बसला तर हिवाळा बिघडतो. बाबांनीही तेच केलं, मेले तोवर. अरे, पण सोळा वर्षं भिंत बांधतोस आणि वीतभर म्हणजे किती हे तुला बाहेर उभं राहून कळणार? मी मेली बिनमिठाची भाजी चाखल्याशिवाय ओळखेन काय?"

मी म्हणालो, कामाचं बोलतोय. ती म्हणाली, "मीही."

१० फेब्रुवारी

उणे सोळा. हात थांबत नाहीत. जी भिंत बरी आहे तीच पुन्हा पुन्हा घासतो. दुपारी कचेरीत गेलो. माद्लाइना पाहुण्यांच्या जागा लिहिते आणि समितीचं कामही तीच बघते. म्हणालो, उद्या एक जागा हवी.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

तिनं चष्मा काढला. "झेनोला माहीत आहे?"

"नाही."

"उद्या दहाला एक जण येत नाहीये. पण व्हिगिल, तुमचा तो कोट घालून येऊ नका. पाहुणे घाबरतील. त्यांना वाटेल, बांधणाराच तपासायला निघालाय म्हणजे काहीतरी बिघडलंय."

११ फेब्रुवारी, शनिवार

बसलो. खाली गेलो.

वर मला पाहुण्यांचं हेल्मेट दिलं, पिवळं. रांगेत उभं केलं. शेजारी बासेलचा एक दातांचा डॉक्टर, नवी टोपी, नवे बूट. "पहिलीच वेळ?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. "कुठून आलात?" डोंगरापलीकडून म्हणालो. "घाबरू नका हो," त्यानं पाठीवर थाप मारली, "हे लोक फार काळजी घेतात." मी जमिनीकडे बघितलं. सूचना सांगणारी मुलगी मला ओळखत होती. ती हसू दाबून सगळं पुन्हा सांगत होती. मान आत, खांदे कानापर्यंत, दोन्ही मुठी कड्यांत, वळणात झुकायचं नाही.

झेनो वरच्या कठड्याशी आला. लाल झाला होता. "व्हिगिल! उतर! अरे हिवाळा अजून अर्धा जायचाय!"

"येतो जाऊन," मी म्हणालो.

"जाऊन कुठं येतोस, गाढवा, ती वर थोडीच येते!"

चालक कुर्दिन, तिशीतला, शांत. मी त्याच्या मागं, माझ्या मागं दातांचा डॉक्टर, शेवटी ब्रेकवाला. दोघांनी ढकललं, चढले. पहिली दोन वळणं गाडा हळू चालल्यासारखी. मग आवाज सुरू झाला. तो आवाज मी सोळा वर्षं बाहेरून ऐकला, दुरून जवळ येतो आणि जातो. आत तो येत नाही आणि जात नाही. दात, बरगड्या, कवटी, सगळ्यात तोच असतो. मी ठरवलं होतं की वळणं मोजायची. एकेक वळण मला तळहातानं माहीत आहे. चौथ्यानंतर हरवलो. माझ्याच वाटेवर मी कुठं आहे ते मला कळेना.

पण माझं वळण आलं ते कळलं. पांढरं एकदम आडवं झालं. शरीराचं वजन तिप्पट झालं, पोट खाली बसलं. मी ठरवलं होतं की तिथं मान वर काढून बघायची, त्या बाईंसारखी. सगळी ताकद लावली. हनुवटी छातीला चिकटलेली होती, जणू कुणी गुडघा मानेवर ठेवला आहे. एक बोटभर वर आली नाही. दुसरं ठरवलं होतं, वळणात शिरताना 'नमो मरिये' ही प्रार्थना सुरू करायची आणि कुठपर्यंत जाते बघायचं. 'नमो' म्हटलं तोवर वळण संपलं होतं.

आणि कुर्दिनचे हात माझ्या समोर होते. हेल्मेटखालून तेवढेच दिसत होते. वळणभर ते हलले नाहीत. दोऱ्या सैल होत्या.

खाली थांबलो. दातांचा डॉक्टर रडत होता, हसत होता, मला मिठी मारत होता. माझ्या हातात कागद दिला, माझं नाव, खाली 'आमचे धाडसी पाहुणे'. मी कुर्दिनला बाजूला घेतलं.

"माझ्या वळणात तू काय केलंस?"

"तुमच्या? काही नाही."

"म्हणजे?"

"तिथं काही करायचं नसतं, व्हिगिलकाका. तिथं भिंत नेते. म्हणून तर ते सगळ्यांना आवडतं. तिथं श्वास घ्यायला मिळतो." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "बसा थोडे. पहिल्या वेळी होतं असं."

कागदाची घडी करून वहीत ठेवली आहे. फाडायचं मनात होतं, पण त्यात त्या कागदाची काय चूक.

१२ फेब्रुवारी, रविवार

मिस्सेआधी पाप सांगितलं. फादर म्हाताऱ्या कानांनी ऐकत होते. देवानं क्षमा केली म्हणाले, आणि दहा 'नमो मरिये'. मी गुडघे टेकून म्हटले. दर वेळी 'नमो'पाशी वळण संपत होतं.

क्षमा मिळाली की मन निवतं, असा माझा आजवरचा अनुभव. आज निवलं नाही. कदाचित देवाची क्षमा मिळाली आणि ज्यांची मागायची होती त्यांना कळलंच नाही, म्हणून असेल. मी मिस्सेसाठी गेलो होतो, हे देवाला सांगावंसं वाटलं होतं. नाही सांगितलं. त्याला माहीत आहे मी का गेलो. दीड तास थंडीत उभं राहायचं नव्हतं. मिस्सा सोयीची पडली. निशाण न उचलण्याशी तर मिस्सेचा काही संबंधच नव्हता.

दुपारी याखेनच्या दारापर्यंत गेलो. तो अंगणात गाडीच्या पात्यांना तेल लावत होता, जी गाडी आता त्याची नव्हती. हाक न मारता परतलो.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आता लिहितो तेव्हा दुपारचे दोन वाजले आहेत. पिशवी भरून ठेवली आहे. साडेचारची बस आहे.

समिती दहाला बसली, वरच्या खोलीत. लांब टेबल, तिघे जण, माद्लाइना लिहायला. याखेन भिंतीशी, नवा शर्ट, टाके काढलेले. झेनो आणि मी मागच्या बाकावर, कारण मुकादम आणि वळणाचा माणूस हजर लागतो. फेम्केबाई हात गळ्यात घेऊन पुढं बसल्या होत्या. बोलावलं नव्हतं तरी आल्या होत्या.

याखेननं त्याचं वाक्य पुन्हा म्हटलं, दोरी उशिरा सोडली. मग बाई उभ्या राहिल्या. "खोटं आहे ते," म्हणाल्या. "हे गृहस्थ मला वाचवताहेत. मी मान वर काढली. सूचना मोडली. मला हे लेखी द्यायचं आहे."

अध्यक्षांनी उरलेल्या दोघांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना मला दिसलं. म्हणाले, "बाई, तुमचा मोठेपणा. असं असेल तर आमच्या माणसांकडे दोष येत नाही. याखेन उद्यापासून चालवू शकतात." याखेननं मान खाली घातली. माद्लाइना लिहू लागली. दोन मिनिटं सुद्धा लागली नाहीत.

झेनोनं माझ्या मांडीवर हात मारला. "सुटला गडी. चल, कॉफी पाज."

आणि खरंच सगळं सुटलं होतं. याखेनला गाडी परत मिळाली होती. माझं वळण माझ्याकडे राहिलं होतं. ज्या कारणासाठी मी बोलणार होतो, ते कारण संपलं होतं. फक्त त्या बाई डाव्या हातानं सही करायला वाकल्या होत्या, आणि डाव्या हातानं नीट जमत नव्हतं.

मी उभा राहिलो.

"व्हिगिल, बस खाली," झेनो दातांतून म्हणाला. "मिटलंय."

"बाई, सही करू नका," मी म्हणालो.

सगळे वळले. मी ठरवलेली वाक्यं विसरलो. म्हणालो, "मी शनिवारी तुमच्याच जागेवर बसून खाली गेलो. त्या वळणात मान वर निघत नाही. कुणाचीच नाही. तुम्ही डोंगर बघितलात तो गाडी पडल्यावर, पाठीवर पडून. त्याआधी तुम्ही काहीही मोडलेलं नाही."

अध्यक्ष म्हणाले, "मग याखेन?"

"याखेननं पण काही केलं नाही. तिथं दोरीचं काम नसतं. कुर्दिनला विचारा. भिंतीचा शेवट वीतभर जास्त होता. मी वाढवला होता. सकाळी तासायला हवा होता, तासला नाही, फळ्यावर तयार लिहिलं. गाडी यायच्या दहा मिनिटं आधी मी तिथं उभा होतो, निशाण शेजारी होतं, उचललं नाही. नंतर सगळे तुमच्याभोवती असताना ती वीत काढून टाकली, म्हणून कुणाला दिसली नाही."

याखेन आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होता. त्याला माझा राग आला असावा, आणि येणारच, बारा दिवस मी त्याला एकट्याला उभं केलं. तो काहीतरी बोलायला उठला. "मी पण सकाळी..." एवढं म्हणाला आणि पुन्हा बसला.

माद्लाइनानं पेन थांबवलं. "हे लिहू?" तिनं अध्यक्षांना नाही, मला विचारलं.

"लिहा."

"याचा अर्थ कळतोय ना, व्हिगिल? वळण जाईल."

"कळतोय."

फेम्केबाई अजून वाकलेल्याच होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. रागावल्या होत्या, हे सांगायला हवं. म्हणाल्या, "माझ्या खिडकीत सफरचंदं घेऊन बसलात, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"आणि आता?"

"आताही वाटतेय," मी म्हणालो.

माद्लाइनानं तो कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला. बाईंच्या नावाचं पहिलं अक्षर त्यावर उमटलं होतं. तिनं ते खोडलं. मी हातमोजा काढला आणि खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण, गावासकट.